मण्यांची आंघोळ

आमच्या मामाला माणसं लक्षात राहत नाहीत, चमचे राहतात. एखाद्या घरी आपण पूर्वी येऊन गेलोय हे त्याला घरातल्या माणसांच्या तोंडाकडे बघून कधीच आठवत नाही. चहा येतो, सोबत साखरेचा चमचा येतो, मामा तो उलटा करून खिडकीकडे धरतो आणि मग त्याचा चेहरा उजळतो. "अरे, तुमच्याकडे मी येऊन गेलोय की. याच्या मानेवरचा मुलामा तेव्हाच उडायला लागला होता." यात आपलं कौतुक झालं की अपमान, हे घरधन्याला कळायच्या आत चमचा मामाच्या खिशात गेलेला असतो. काही दिवसांनी तो परत येतो, पण असा की घरातले बाकीचे चमचे त्याच्या शेजारी बसायला लाजतात.

मामाचा धंदाच मुलामा चढवायचा. नळ, दाराच्या मुठी, सायकलींची हँडलं, बँडवाल्यांचे कर्णे, स्पर्धांचे करंडक. जे म्हणून धातूचं आहे आणि काळवंडलंय ते मामाकडे येतं आणि निकेलचा अंगरखा घालून परत जातं. काम मनासारखं उतरलं की मामा एकच शब्द बोलतो, "लख्ख." भाची वर्गात पहिली आली तेव्हाही तो "लख्ख"च म्हणाला. शेजाऱ्यांनी नवं बाळ दाखवलं, तेव्हाही. आणि एकदा शेजारच्या आजोबांच्या टकलाकडे बघून त्याने तोच शब्द काढला, तोही अगदी मनापासून. त्यामुळे त्याचं खरं नाव आता फक्त विजेच्या बिलावर उरलंय. गल्ली त्याला लख्खमामा म्हणते. ज्यांना तो स्वतः काका म्हणतो, तेसुद्धा त्याला मामाच म्हणतात.

त्याचं लग्नही या खोडीपायीच जमलं. तो मुलीच्या घरी बोलणी करायला गेला होता. मोठी माणसं मोठ्या माणसांसारखं बोलत होती आणि मामाचं सगळं लक्ष आतल्या खोलीच्या दाराच्या मुठीवर. मूठ पार काळी पडलेली. मामाच्या खिशात पेचकस कायमचा. बोलणी संपेपर्यंत दाराची मूठ पेचकसाच्या शेजारी जाऊन बसली होती. "उद्या आणून देतो" एवढं सांगून मामा निघूनही गेला. आत मुलीची धाकटी बहीण गृहपाठ करत होती. तिला खिडकीतून बाहेर काढावं लागलं.

दुसऱ्या दिवशी मामा मूठ घेऊन हजर. स्वतः बसवून दिली, वर बिजागरीला तेल घातलं. होणारे सासरे त्या मुठीत आपली मिशी न्याहाळत म्हणाले, "जो माणूस नेलेली मूठ परत आणतो, तो मुलीलाही नीट सांभाळेल." मामी अजून म्हणते, "यांनी पसंत केलं ते आमचं दार. मी त्याच्यावर फुकट आले."

खिडकीतून काढलेली ती धाकटी बहीण पुढे रसायनशास्त्र शिकली, त्यात डॉक्टर झाली आणि कॉलेजच्या पाण्याच्या प्रयोगशाळेत लागली. मामाच्या मुलांची मावशी म्हणून आम्हा सगळ्यांचीच मावशी. भावोजींनी आपल्याला पहिल्याच भेटीत कोंडलं हे ती विसरलेली नाही. मामाही तिला विसरू देत नाही. ती घरी आली की तो आधी विचारतो, "कुठून आलीस, दारातून की खिडकीतून?"

मामाचा कारखाना म्हणजे गल्लीच्या टोकाला एक लांबट खोली. पुढे शटर, मागे खिडकी, मध्ये ओळीने टाक्या. पहिल्या टाकीत सोड्याचं गरम पाणी, वस्तूंचा तेलकटपणा काढायला. दुसरीत पातळ ॲसिड, गंज आणि काळेपणा खायला. तिसरी निकेलची. तिच्यातलं पाणी इतकं सुरेख हिरवं की नवख्या माणसाला सरबत वाटावं. तांब्याच्या आकड्यांना टांगलेले नळ त्यात बुडवायचे, वीज सोडायची आणि धीर धरायचा. शेवटची टाकी साध्या पाण्याची. हिरव्या पाण्यातून निघालेली वस्तू तिच्यात धुवायची. त्या टाकीतलं पाणी एका नळीने भिंतीपलीकडे गटारात जायचं. इतकी वर्षं जात होतं. ते कुठे जातं हे मामाने कधी विचारलं नव्हतं आणि पाण्याने कधी सांगितलं नव्हतं.

संध्याकाळी शटर ओढायच्या आधी मामाची आवराआवर चालते. आकडे, चिमटे, गाळण्या, टोपल्या, सगळ्यांना ॲसिडची एक डुबकी आणि मग पाण्याची एक. ज्या वस्तादांकडे मामा हे काम शिकला त्यांचा तसा दंडकच होता, की मळकं हत्यार झोपवायचं नाही. मामी म्हणते, "चिमटे रोज न चुकता आंघोळ करतात. आमच्या पोरांनी एवढी केली असती तरी मी सुखी झाले असते."

एके दिवशी या कारखान्यात पाणीखात्याचे साहेब आले. हातात तारेची जाळी, जाळीत बाटल्या. गल्लीने त्यांना शटरपाशी पोहोचायच्या आत बाटलीसाहेब करून टाकलं. माणूस अगदी सौम्य. जे सांगायचं ते इतक्या हळू सांगणार की ऐकणाऱ्याला घाबरायला जरा उशीरच होतो.

"मामा, तुमच्या नळीतून निकेल जातंय."

"निकेल मी नळांवर चढवतो साहेब. नळीत कशाला घालू? ते काय मला झाडाला लागतं?"

"नळांच्या अंगावर थोडं राहतं ना? ते धुतलं की पाण्यात उतरतं. म्हणून तर पाणी हिरवट आहे."

"छान दिसतं," मामा प्रामाणिकपणे म्हणाला.

"छान दिसतं खरं. पण हेच पाणी पुढे ओढ्याला मिळतं, आणि ओढ्याकाठी लोक भाज्या लावतात." साहेबांनी बाटलीचं झाकण घट्ट केलं. "मी पुन्हा येईन. तेव्हा पाणी साफ निघालं नाही, तर टाक्या बंद कराव्या लागतील. मला ते आवडणार नाही. पण करावं लागेल."

त्या दिवशी जेवताना मामाने ताटातली भाजी चमच्याने वर उचलून, खालून-वरून बघितली. मामी म्हणाली, "काय शोधताय? मीठ बरोबर आहे."

पाणी साफ करायची यंत्रं मिळतात. मामा एक बघूनही आला. त्याच्या कारखान्यात ते मावत होतं, फक्त ते आत न्यायचं तर कारखाना बाहेर काढावा लागला असता. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने चहा घेतला, साखर ढवळली आणि चमचा न बघताच खाली ठेवला. मामीने तेवढं पाहिलं आणि बहिणीला फोन लावला. "तू ये. यांनी चमचा बघितला नाही."

मावशी आली ती हातात एक बरणी घेऊन. बरणीत पाणी, पाण्यात करड्या रंगाचे मऊसर मणी. साधारण साबुदाण्याएवढे, पण साबुदाण्यापेक्षा शहाणे दिसणारे.

"हे काय, औषध?" मामाने विचारलं.

"तुमच्या नळीचं. यात माती आहे आणि डिंक आहे."

"अगं, माझ्याकडे घाण काढायची आहे. माती तू घालायला कशाला आणलीस?"

"ऐकून तर घ्या भावोजी. ही माती साधी नाही. पाणी पिऊन फुगते, मांजराच्या पेटीत घालतात ना, त्या जातीची. हिला धातू दिसला की सोडत नाही. लग्नात एखादी लांबची आत्या भेटते ना, हात धरला की धरला, तशी. पण नुसती माती पाण्यात टाकली की तिचा चिखल होतो, नळी तुंबते. म्हणून तिला हा डिंक. समुद्रातल्या शेवाळाचा असतो, आइस्क्रीम दाट करायला वापरतात तोच. डिंक तिला घर बांधून देतो. मणी झाला की पाणी आरपार जातं आणि आत्या जागेवर राहते."

"आणि डिंक काय, नुसता बसून खातो?"

"तोही धातू धरतो. घरचा जावई आहे, थोडंफार काम करतोच."

मामीला हे वाक्य फार आवडलं. तिने बहिणीला आणखी चहा दिला.

मग मावशीने मामाच्या मापाचं एक उभं, पारदर्शक नळकांडं करून आणलं. त्यात बसणारी एक लांब जाळीची टोपली, टोपलीत मणी. धुण्याच्या टाकीचं पाणी खालून आत शिरायचं, मण्यांच्या गर्दीतून वाट काढत वर यायचं आणि मग बाहेर जायचं. बाहेर येणाऱ्या पाण्याचा थेंब मावशीने तिच्या खास कागदावर टाकला. निकेल असेल तर हा कागद गुलाबी होतो. झाला नाही. तिने पुन्हा टाकला. कागद मख्ख.

"मणी हळूहळू हिरवे होतील," मावशी निघताना म्हणाली. "हिरवे झाले म्हणजे काम करतायत. वरपर्यंत सगळे हिरवे झाले की मला बोलवा, मी बदलून देईन."

हे तिने शुद्ध मराठीत सांगितलं आणि मामाने ते पूर्ण ऐकलं. पण ऐकणं वेगळं आणि डोळ्यांना पटणं वेगळं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आवराआवर करताना मामाची नजर नळकांड्याकडे गेली. खालचे मणी हिरवे पडलेले. कारखान्यातली एकूण एक वस्तू आंघोळ करून चकाचक झालेली आणि मेहुणीने विश्वासाने दिलेली वस्तू तेवढी मळकी. शेजाऱ्याकडून आणलेलं भांडंसुद्धा माणूस घासून परत देतो. मामाने टोपली उचलली, एका बादलीत ताजं पातळ ॲसिड घेतलं आणि मण्यांना हलक्या हाताने आंघोळ घातली. मणी बघता बघता करडे झाले, जवळजवळ नवे. बादलीतलं पाणी मात्र हिरवं झालं. असलं मळलेलं पाणी आपल्या स्वच्छ ॲसिडच्या टाकीत कोण ओतणार? मामाने ते गटारात ओतलं, मणी पाण्याने खळबळून जागेवर ठेवले आणि समाधानाने शटर ओढलं.

म्हणजे मण्यांनी दिवसभर एकेक कण वेचून धरून ठेवलेलं निकेल मामा संध्याकाळी एका दमात गटाराला अर्पण करत होता. रोज. यात लपवाछपवी काही नव्हती. मेहुणीला सांगायचं त्याच्या मनातच आलं नाही. कुणाचं भांडं घासलं, हे कुणी सांगत फिरतं का?

बाटलीसाहेब आले तेही नेमके संध्याकाळी. दिवसा लोक टाकीत ताजं पाणी सोडून ठेवतात आणि आपण गेलो की नळी मोकळी करतात, हा त्यांचा अनुभव. साहेब आज येणार ही कुणकुण मामाला होती, म्हणून त्याने मण्यांना त्या दिवशी अंमळ जास्तच चोळून आंघोळ घातली होती. बादली नुकतीच रिकामी झालेली. साहेबांनी भिंतीमागे जाऊन बाटली भरली. मामाने त्यांना नळकांडं दाखवलं.

"छान आहेत मणी," साहेब म्हणाले. "अगदी नवे दिसतायत."

"निगा राखतो साहेब," मामा म्हणाला.

तपासणीचा निकाल सांगायला साहेब स्वतः आले. नेहमीपेक्षाही हळू बोलले. "मामा, आधीपेक्षा जास्त आहे. बरंच जास्त."

मामा पालथ्या बादलीवर बसला.

"माझा यावर विश्वास बसत नाहीये," साहेब म्हणाले, "म्हणून आणखी एकदा येतो. त्यानंतर मात्र माझ्या हातात काही राहणार नाही. शटर खाली घ्यावं लागेल."

संध्याकाळी घरी मावशी आली. तिचा चेहरा बघून मामा स्वतःचं दुःख विसरला. "जाऊ दे गं, त्यांच्या बाटलीतच काहीतरी असेल," तो म्हणाला. मावशी म्हणाली, "बाटलीत नाही भावोजी. माझ्या मण्यांत काहीतरी आहे. प्रयोगशाळेत नीट वागतात आणि घराबाहेर पडले की बिघडतात."

"मुलं अशीच असतात," मामी म्हणाली. मामीने मग दोघांच्या पुढ्यात ताटं सरकवली, कारण तिच्या मते उपाशीपोटी काळजी केली की ती अंगी लागते.

दुसऱ्या दिवशी मावशीने कॉलेजातून रजा काढली आणि कारखान्यात येऊन नळकांड्यासमोर स्टूल टाकून बसली. मामा नळ बुडवत होता, काढत होता, धुवत होता. मावशी थेंब घेत होती, कागदावर टाकत होती. कागद पांढराच. दुपारी मामी डबा घेऊन आली आणि तिथेच थांबली, तेव्हाही पांढराच. मावशीच्या कपाळावरच्या आठ्या वाढत चालल्या. चूक सापडली तर माणूस ती दुरुस्त करतो. सगळं बरोबर निघालं तर करायचं काय?

"चला, मी निघते," ऊन उतरल्यावर ती म्हणाली. "काही कळत नाही मला."

"थांब की जरा, बरोबरच निघू. माझी आवराआवर आहे तेवढी." मामाने आकडे बुडवले, चिमटे बुडवले, गाळण्या बुडवल्या. मग सवयीने नळकांड्याकडे वळला, मण्यांची टोपली उचलली आणि बादली पुढे ओढली.

"भावोजी, काय करताय?"

"आंघोळ घालतोय."

"कुणाला?"

"यांना. बघ ना, पार हिरवे झालेत बिचारे दिवसभरात."

"रोज घालता?"

"म्हणजे काय, तुझी वस्तू मळकी ठेवीन का मी?" आणि त्याने टोपली बादलीत बुडवली. मावशी बादलीवर वाकली. तिच्या डोळ्यांदेखत मण्यांनी रंग सोडला. बादली हिरवी, मणी करडे.

"आणि हे पाणी?"

"ते काय, ओततो ना गटारात." मामाने बादलीची कडी धरली.

मावशीने दोन्ही हातांनी बादली धरून ठेवली. आणि मग ती हसायला लागली. आधी नुसते खांदे हलले, मग ती स्टुलावर बसली, मग स्टुलावरून उठून टाकीला टेकली. मामीला वाटलं बहिणीच्या डोक्यावर परिणाम झाला, म्हणून ती पाण्याचा पेला घेऊन धावली. मामा बादलीची कडी धरून उभाच.

"अहो, दिवसभर हे मणी निकेल वेचतात," मावशीला शेवटी शब्द सापडले, "आणि तुम्ही रोज संध्याकाळी त्यांच्या खिशातलं काढून गटारात टाकता."

मामाच्या डोक्यात हे उतरायला थोडा वेळ लागला. उतरलं तेव्हा त्याने बादलीकडे बघितलं, मग भिंतीतल्या नळीकडे. "म्हणजे मीच," तो म्हणाला.

"तुम्हीच."

"आणि साहेब आले त्या दिवशी तर मी जास्त चोळले होते."

"ते निकालात दिसलं."

मामी पेला घेऊन मध्येच उभी होती. ते पाणी तिने स्वतः पिऊन टाकलं. "मी सांगत होते," ती म्हणाली, "या माणसाला स्वच्छतेचं वेड आहे. एक दिवस घात होईल." खरं म्हणजे असं ती कधीच म्हणाली नव्हती, पण बोलायला वेळ अगदी योग्य होती.

मावशी मात्र आता बादलीभोवती घिरट्या घालत होती. "चूक माझी पण आहे. ॲसिडने मणी धुता येतात आणि पुन्हा वापरता येतात, हे मला माहीत होतं. पण ते मी पुढच्या वर्षीच्या कामात ठेवलं होतं."

"मग मी तो धडा आधीच केला," मामा म्हणाला. त्याचा आवाज जरा परत आला होता.

"केलात. पण वही गटारात टाकलीत. भावोजी, हे हिरवं पाणी नुसती घाण नाही. हे तुमचंच निकेल आहे. गाळलं, यातला ॲसिडपणा मोडला, आटवलं, तर तुमच्या टाकीत परत जाऊ शकतं."

मामाने बादलीला झाकण लावलं. असं लावलं की जणू आत झोपलेलं मूल आहे.

पण रोजच्या आंघोळींनी त्या मण्यांची दशा झाली होती. काही आक्रसले होते, काही फुटले होते. दर डुबकीनंतर त्यांना चुन्याच्या क्षाराच्या पाण्यात परत घट्ट करायला हवं होतं, ते मामाला कुठून माहीत असणार? साहेब यायच्या आत नवे मणी हवे होते, आणि प्रयोगशाळेत मावशी एकटी ते करत बसली असती तर साहेब निवृत्त झाले असते. म्हणून सुट्टीच्या दिवशी सगळं घर कारखान्यात जमलं.

मणी करायचे म्हणजे डिंक आणि माती घोटून दाटसर मिश्रण करायचं आणि ते पिचकारीने क्षाराच्या पाण्यात थेंब थेंब सोडायचं. थेंब पाण्यात पडला की पडल्या जागी मणी होतो. ऐकायला सोपं. मामाने पहिला हात मारला आणि भांड्यात शेपट्या असलेले काहीतरी जीव पोहायला लागले.

"हे काय झालं?" त्याने विचारलं.

"बेडकाची पिल्लं," मावशी म्हणाली. "हात फार खाली धरलाय. थेंबाला गोल व्हायला जागाच नाही मिळाली."

मामाने हात वर नेला. आता थेंब आपटून चपटे झाले. "ही गोगलगाय," मामी म्हणाली, आणि त्याच्या हातातून पिचकारी काढून घेतली. तिने मनगट टेकवलं, हात ना वर ना खाली, आणि तिच्या हाताखाली एकसारखे, गोल, गुबगुबीत मणी पडायला लागले. मावशी बघतच राहिली.

"ताई, कुठे शिकलीस?"

"यांच्या कानात औषध घालताना. जरा इकडेतिकडे झालं की ओरडतात."

त्यानंतर सगळ्यांनीच हात चालवला. मामाची मुलं शेपट्यांची शर्यत लावत होती, मावशी मिश्रण घोटत होती आणि मामा दर थोड्या वेळाने एक मणी उचलून उजेडात धरत होता.

"भावोजी, यांना चकाकी येत नसते."

"तेच बघतोय. इतकं कामाचं आणि इतकं मंद कसं दिसतं गं?"

"दिसण्यावर जाऊ नका," मामी म्हणाली. "मी गेले असते तर?"

मामाने मणी मुकाट्याने खाली ठेवला.

पुढचे दिवस मामाच्या आयुष्यातले सगळ्यात कठीण. मणी हिरवे होत होते आणि त्याला बघत राहायचं होतं. मामी संध्याकाळी आवराआवरीच्या वेळेला कारखान्यात येऊन बसायला लागली, विणकाम घेऊन. विणकाम तिला येत नाही, पण सुया हातात असल्या की मामा लांब राहतो, असा तिचा अंदाज होता. मामा चिमटे धुवायचा, आकडे धुवायचा, नळकांड्याशी घुटमळायचा. "नुसतं पाण्यातून काढू का?" "नाही." "वरच्यावर फडक्याने?" "अहो." मग तो उसासा टाकून शटर ओढायचा.

साहेब आले तेव्हा नळकांडं दिसतच नव्हतं. मामाने त्यावर टॉवेल घातला होता. घरात पसारा असला आणि पाहुणे आले की माणूस चादर टाकतो, तसा. साहेबांनी टॉवेलचं टोक उचललं. आत बुडापासून वर निम्म्याच्याही पुढे मणी हिरवेगार.

"पाहू नका साहेब," मामा खाली मान घालून म्हणाला. "त्यांची आंघोळ राहिलीय."

साहेबांनी मामाकडे पाहिलं, मामीकडे पाहिलं, सुयांकडे पाहिलं आणि पुढचा प्रश्न न विचारता भिंतीमागे जाऊन बाटली भरली. आणखी थोडा वेळ थांबून दुसरी भरली. मग पार अंधारून आल्यावर तिसरी. या माणसाला फसवणं अवघड होतं. मामा मात्र जागेवरून हलला नाही. हात मागे बांधून उभा, कारण पुढे सोडले असते तर ते टोपलीकडे गेले असते.

निकाल यायला जितके दिवस लागले तितके दिवस मामाने नव्या कामाला हात लावला नाही. "घेतलं आणि शटर खाली आलं तर लोकांचे नळ अडकतील," तो म्हणायचा. घरी मात्र त्याने मामीच्या स्वयंपाकघरातली एकूण एक झाकणं घासली. शेजारच्या आजोबांनी सावधगिरी म्हणून टोपी घालायला सुरुवात केली.

साहेब कारखान्यात आले ते चालत, आणि बाटल्यांशिवाय. मावशीही योगायोगाने तिथेच होती. म्हणजे त्या दिवसांत ती रोज योगायोगाने तिथे असायची. साहेब हळू बोलले, त्यामुळे या वेळी आनंदाची बातमीही त्यांच्या तोंडून उशिराच कळली.

"मामा, निघालं नाही."

"काय निघालं नाही?" मामाने विचारलं.

"निकेल. तिन्ही बाटल्यांत. म्हणजे नावापुरतं आहे, पण मर्यादेच्या खूप खाली. चालू ठेवा कारखाना."

मामीने विणकाम मांडीवर ठेवलं. मावशीने भिंतीकडे तोंड केलं आणि बराच वेळ डोळ्यांत काहीतरी गेल्याचं नाटक केलं. मामा साहेबांचा हात दोन्ही हातांत धरून नुसता हलवत राहिला. पंप मारतात तसा. "मामा, हात," साहेब शेवटी म्हणाले, "मला लिहायला लागतो." मग जरा घुटमळून त्यांनी मावशीला विचारलं, "हे मणी तुम्ही आणखी कुणाला करून द्याल का? याच ओढ्यावर अजून बरेच कारखाने आहेत."

"माझ्या ताईला विचारा," मावशी म्हणाली. "गोल फक्त तिलाच जमतात."

मामीने सुया पिशवीत टाकल्या आणि एकदम धंदेवाईक चेहरा केला. "किती मोठे हवेत?"

त्याच आठवड्यात मावशी कॉलेजातून एक डबा घेऊन आली. मण्यांना शेवटी रीतसर आंघोळ मिळाली होती, झाकणाच्या पिंपात. ते पाणी गाळून, त्याचा ॲसिडपणा मोडून, आटवून तिने त्याचा दाट हिरवा अर्क केला होता. तो आता मामाच्या टाकीत जायचा होता. आणि इथे मामा अडला. शटर जाईल म्हणून तो जेवढा घाबरला नव्हता तेवढा या डब्याला घाबरला. ती टाकी त्याने इतकी वर्षं बाहेरच्या थेंबापासून जपली होती.

"आधी बादलीत करू," तो म्हणाला. "टाकीतलं थोडं पाणी, तुझं थोडं. बिघडलं तर बादली बिघडेल."

"माझ्यावर विश्वास नाही का भावोजी?"

"तुझ्यावर आहे. डब्याला मी आजच भेटतोय."

बादली भरली. एक जुना पितळी नळ घासून, सोड्यातून, ॲसिडमधून काढून आकड्याला लावला. वीज सुटली. तिघंही बादलीभोवती उभी. पुढे शटर वर होतं. बाहेर सायकलीला टेकून एक गिऱ्हाईक पिशवीतली दाराची मूठ काढून वाट बघत होतं.

मामाने नळ बाहेर काढला, धुतला, पुसला, खिडकीपाशी नेला आणि फिरवून फिरवून बघितला. कडा बघितल्या. मानेची खाच बघितली, जिथे कच्चं काम सगळ्यात आधी उघडं पडतं. नळाच्या फुगीर अंगावर अख्खा कारखाना वाकून उतरला होता. टाक्या होत्या, मामी होती, मान पुढे काढून बघणारी मावशी होती आणि मागे उघडं शटर, त्यातून आत आलेलं ऊन.

"बोला की काहीतरी," मावशी म्हणाली.

मामाने नळ तिच्या हातात दिला.

तिने तो हलक्या हाताने धरला, मग ओढणीच्या टोकाने धरला, बोटांचे ठसे उठू नयेत म्हणून. "हे माझं निकेल," ती म्हणाली.

"माझं. माझ्याच नळीतून गेलं होतं."

"मी परत आणलं ना?"

"मी धुतलं म्हणून आणता आलं."

"तुम्ही दोघं भांडा," मामी डब्यातला उरलेला अर्क झाकत म्हणाली. "पण आधी बाहेर बघा. तो माणूस केव्हाचा मूठ घेऊन उभा आहे. अहो, त्याला आत तरी बोलवा."